मुंबई मॅरेथॉनची ‘हमखास एन्ट्री’ देणाऱ्या मेसेजबद्दल

परवा रात्री जेवायला बसलो आणि अमळनेरहून भाच्याचा फोन. "मामा, साडेपाच हजार टाकू का? मुंबईच्या हाफची जागा मिळतेय, रात्री बारापर्यंतच आहे." हाफ म्हणजे 21 किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन. म्हटलं कोण देतंय? तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज. मला तो आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय, भुसावळचा एक, धुळ्याचे दोन आणि आमच्या सोसायटीचासुद्धा. "मुंबई मॅरेथॉन फुल झाली? टेन्शन नको, हमखास एन्ट्रीचे 5 मार्ग", आणि खाली एक नंबर. इतके दिवस दुर्लक्ष केलं, पण आता घरातल्या पोरापर्यंत पोचला म्हणून लिहितोय.

पहिला मार्ग म्हणे पाच ईमेल आयडीवरून पाच फॉर्म भरा, बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, चान्स पाचपट. अहो, बॅलटचं प्रकरण लंडनचं आहे. तिथे 2026 च्या रेससाठी 11 लाखांच्या वर अर्ज आले, म्हणून सोडत काढावी लागते. बोस्टनला आणखी वेगळं, तिथे वेळ गाठून पात्र व्हावं लागतं, 18 ते 34 वयाच्या पुरुषाला 2026 साठी 2 तास 55 मिनिटं आणि तरी जागेची खात्री नाही. आपल्या मुंबईच्या हाफला आधी येईल त्याला आधी, जागा भरल्या की रजिस्ट्रेशन बंद. मेसेज लिहिणाऱ्याने तीन शहरांचे नियम एका भांड्यात ढवळलेत आणि पाच आयडी केले तरी नाव आणि जन्मतारीख तीच राहणार ना.

दुसरा मार्ग, मित्राच्या टायमिंग सर्टिफिकेटवर, म्हणजे आधीची रेस किती वेळात पळाला त्या दाखल्यावर, आपलं नाव टाका. ही सरळ सरळ बनावट कागदपत्रं झाली, यावर जास्त काय लिहू. बिबचा, म्हणजे छातीवर लावतात त्या कागदाचा, नंबर टाकला की रेसचे निकाल नेटवर कोणालाही दिसतात, हे वीस वर्षांच्या पोराला कळतं.

पाचवा, बिब नसेल तर मधूनच रस्त्यात घुसा. ते पाणी, ते इलेक्ट्रॉल पैसे भरून आलेल्या माणसासाठी मोजून ठेवलेलं असतं. सोडा तो विषय.

तिसऱ्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. चॅरिटी बिब, म्हणजे संस्थेला देणगी देऊन मिळणारी जागा, असतं. मुंबई मॅरेथॉनचं चॅरिटीचं काम युनायटेड वे मुंबई बघते, तिच्याकडे नोंदलेल्या संस्था असतात आणि त्यांच्यामार्फत जागा मिळू शकते. फक्त ती नेहमीच्या फीपेक्षा बरीच महाग पडते, देणगी संस्थेच्या खात्यावर जाते आणि पावती मिळते. कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर साडेपाच हजार टाकणं म्हणजे चॅरिटी नाही. भाच्याने त्या नंबरवर संस्थेचं नाव विचारलं तर उत्तर आलं, "पहिले पेमेंट करा भाऊ, डिटेल नंतर."

आता चौथा. यासाठीच खरं तर लिहायला बसलो. "ज्याला यायला जमत नाही त्याचं बिब विकत घ्या, कोणी चेक करत नाही." खाली लोकांचे अंगठे, आणि आपल्याकडचे चांगले दोन-तीन वर्षं पळणारे लोकसुद्धा म्हणतात, त्यात काय एवढं, त्याचे पैसे वाया जाण्यापेक्षा बरं.

फोन चालू असतानाच मी कपाटातून माझं जुनं बिब काढलं. पुढे नंबर, मागे वेळ मोजणाऱ्या चिपची पट्टी चिकटवलेली आणि तिच्या खाली छापलेल्या ओळी: नाव, रक्तगट, चालू औषधं, इमर्जन्सी नंबर. आदल्या रात्री दादरला बहिणीकडे बसून मी त्या बॉलपेनने भरल्या होत्या, घामाने शाई पसरलीय पण बायकोचा नंबर अजून वाचता येतो. मी ते सगळं भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, तू दुसऱ्याच्या बिबवर पळतोयस, सी लिंक ओलांडून पुढे पेडर रोडच्या चढावर कोसळलास, तर मेडिकलवाले नंबर टाकून बघणार आणि नाव कोणाचं निघणार? वय कोणाचं? फोन कोणाच्या घरी जाणार? तुझी आई इकडे अमळनेरला टीव्हीसमोर बसलेली असेल आणि तिला संध्याकाळपर्यंत काहीच कळणार नाही.

हे मी घाबरवायला म्हणत नाही, असं घडलंय. डिसेंबर 2016 मध्ये चीनच्या शियामेनला हाफ मॅरेथॉनमध्ये दोन जण दगावले, त्यातला एक दुसऱ्याच्या बिबवर धावत होता. घरच्यांनी नंतर कोर्टात भरपाई मागितली, ती फेटाळली गेली. माणूस गेला आणि वर कागदोपत्री तो त्या रेसमध्ये नव्हताच. ज्यांना "त्यात काय एवढं" वाटतं त्यांनी हे एकदा घरी बायकोसमोर वाचून बघावं.

आणि आपल्याकडच्या पोरांना धोका जास्तच आहे. जानेवारीत आपण इथे जळगावकडे कडाक्याच्या थंडीत, कोरड्या हवेत प्रॅक्टिस करतो, स्वेटर घालून निघतो. मुंबईला त्याच महिन्यात पहाटे पाचलासुद्धा अंग चिकचिकतं, घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मला स्वतःला पंधराव्या किलोमीटरला गरगरलं होतं, आणि मी वर्षभर तयारी करून गेलो होतो. सर्टिफिकेट मागतात ते याचसाठी, की हा माणूस आधी कुठेतरी एवढं अंतर पळालाय. तेच चुकवायचे मार्ग हा मेसेज शिकवतोय.

बिब दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही, हा बहुतेक मोठ्या रेसचा नियम आहे, सापडलात तर निकाल रद्द, पुढे बंदीही येऊ शकते आणि बिब विकणाराही सुटत नाही. पण खरं सांगू, बंदीची मला काळजी नाही, त्या मागच्या चार ओळींची आहे.

भाच्याने पैसे टाकले नाहीत. यंदाची मुंबई गेली, त्याचं त्याला वाईट वाटलंय आणि ते साहजिक आहे. जळगाव-भुसावळकडे आता चिप टायमिंगच्या रेस होतात, त्यातली एक तो स्वतःच्या नावावर पळणार, ते सर्टिफिकेट घेऊन पुढच्या वेळी रजिस्ट्रेशन उघडेल त्याच दिवशी फॉर्म भरणार. शनिवारी रात्रीच त्याला मुक्कामाला बोलावलंय, रविवारी पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर. शूजची लेस नीट बांधून ये म्हटलंय.