हातातलं काम सोडायची घाई कशाला?

डिझायनरला क्रिएटिव्ह हेड, म्हणजे डिझाइन टीमचा प्रमुख, व्हायचं असेल तर त्याने स्वतः काम करणं थांबवून माणसं सांभाळायला शिकावं, असा तुमच्या डिझायनरच्या बढतीवरच्या लेखाचा एकूण सूर. माणसं सांभाळणं ठीक, पण काम थांबवायचं कशाला?

मी बडोद्यात औषधांच्या पॅकेजिंगचं डिझाइन करते. आमच्या सीनियर मॅडम स्क्रीनवर काही बघतच नाहीत आधी. कार्टनचा प्रिंट काढायला लावतात, मग कापून, घड्या घालून टेबलावर उभा करायचा. तेव्हा कुठे नव्या मुलाला दिसतं की गोंदाच्या पट्टीवर रंग गेलाय आणि बॅच नंबर, एक्सपायरीसाठी सोडलेली जागा नेमकी घडीत आलीय. ‘जरा अजून उठाव हवा’ असलं मोघम त्या कधी बोलत नाहीत. (ते बोलायला क्लायंट आहेतच!) चूक अशी नेमकी दाखवता येते कारण त्यांचा स्वतःचा हात अजून चालतो.

आमच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचंच बघा ना. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० पासून इथे चित्रकला विभाग सांभाळत होते, १९५९ मध्ये डीन झाले, पण त्यांचा ब्रश काही खाली ठेवला गेला नाही. १९५६ च्या बडोदा ग्रुप या चित्रकारांच्या गटात तर ते आपल्या विद्यार्थ्यांबरोबर होते.

खरी गोम पगारात आहे. बऱ्याच ठिकाणी हाताखाली माणसं आली तरच पगार वाढतो, म्हणून उत्तम टायपोग्राफी (अक्षरांची मांडणी) करणारा माणूस नाइलाजाने रजेचे अर्ज मंजूर करत बसतो. त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. पुढच्या भागात लिहाल का?