लाकूड जोडणं आणि लाकूड चिकटवणं

लाकडी बॉडीच्या जुन्या गाड्यांवरचा तुमचा लेख छान. फक्त त्यातलं ‘लाकडी बॉडीची वॅगन म्हणजे सजावट’ हे वाक्य खटकलं. जुन्या फोर्ड वुडीत (लाकडी बॉडीच्या वॅगनला वुडी म्हणतात) लाकूड शोभेला नव्हतं, तोच मागच्या बॉडीचा सांगाडा होता. १९२९ मध्ये मॉडेल ए या गाडीच्या सांगाड्यावर फोर्डची पहिली स्टेशन वॅगन (मागे माणसं-सामानाला ऐसपैस जागा असलेली गाडी) आली. लाकूड अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेतल्या फोर्डच्याच जंगलातलं, तिथल्याच आयर्न माउंटन गावच्या कारखान्यात कापलेलं. उरलेल्या तुकड्यांचा त्यांनी कोळसा करून विकला, ही गंमत वेगळीच!

चौकट मेपलची, कोपऱ्यांवर बोटांत बोटं गुंतवावीत तसे सांधे. अशा गाडीची आज स्ट्रीट रॉड करताना, म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन वगैरे बसवून ती रस्त्यावर चालवण्याजोगी करताना, खरा कस सुताराचा लागतो. नवं व्ही-८ इंजिन काय, विकत मिळतं. पण ऊन-पावसात लाकूड फुगतं-आकसतं, खालचं पोलाद तसं हलत नाही. दारं बसवताना ती फट सांभाळायची, वर वार्निशचे हात पुन्हा पुन्हा द्यायचे. मूळ मालक याच कटकटीला कंटाळले, म्हणून तर या वॅगन स्वस्तात कॅलिफोर्नियाच्या सर्फिंगवाल्या पोरांच्या हाती गेल्या.

तुमच्या लेखातल्या फोटोतल्या गाडीचे सांधे मात्र दिसतच नाहीत. मागच्या दाराचा एक जवळून फोटो टाका ना, प्लीज.