‘डॉक्टरांनी औषध द्यावं, घरच्या चौकशा करू नयेत’ : त्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या बहुतेक गावांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देते. ‘सरकारी दवाखान्यात मूल तापाने फणफणलेलं घेऊन जावं तर आधी विचारतात, रेशनकार्ड कुठलं, घरात माणसं किती, चूल की गॅस, नवरा काय करतो. हे डॉक्टर की तलाठी? कोकणात घरटी परसू आहे, मासे-भात आहे, इथे कुपोषण कुठून येणार? गरिबाची अब्रू चव्हाट्यावर आणायचं हे परदेशी खूळ आहे. योजना ढीगभर आहेत, हव्या त्याने घ्याव्यात, आळशाला कोण काय करणार? डॉक्टरांनी औषध द्यावं, बाकी पंचायती करू नयेत.’ खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात डॉक्टर आहे. आमची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं आम्ही तपासतो. म्हणजे मेसेजातला तो ‘तलाठी’ मीच. एकेक वाक्य घेऊन बोलते.

‘कोकणात कुपोषण कुठून येणार?’

पहिली गोष्ट, पालघर कोकणातच येतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 मध्ये शंभरावर मुलं दगावली, तेही कोकणच. मी ज्या कार्यक्रमात नोकरी करते तो देशभरासाठी सुरू झाला फेब्रुवारी 2013 मध्ये, पालघरलाच. पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं चिऱ्याचं घर, नारळ आणि सुरमई असणार, तर तेही पाहू.

ते घर खरं आहे. त्यात आता आजी आणि दोन नातवंडं असतात, आईबाप नालासोपाऱ्याला किंवा विरारला. परसू आहे, पण आजीची कंबर गेलेली असल्याने तिथे काही लावलेलं नाही. मासळीचं म्हणाल तर विकणारीच्या घरात ती रोज शिजते असं समजू नका. पहाटे लिलावाला जाणारी आई पोराच्या हातात चहा आणि खारी ठेवून निघते. वाढत्या वयात जेवणाच्या जागी चहा आला की लोह पोटात जातच नाही, आणि जेवणासोबत चहा घेतला तर जेवणातलं लोहसुद्धा नीट अंगी लागत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरी काय शिजतं हे त्याच्या घरी जाऊनच कळतं. चिरेखाणींवरची कर्नाटकातली कुटुंबं, आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं, रायगडातल्या कातकरी वाड्या, यांना तर ‘कोकणातला माणूस’ म्हटलं की कोणी धरतच नाही. त्यांची पोरं मात्र आमच्याच वजनकाट्यावर उभी राहतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. पाचाखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. आकडा अख्ख्या राज्याचा आहे. पण शंभरातली एकोणसत्तर मुलं म्हटल्यावर ती सगळी घाटावरचीच, असं मानायला माणूस फारच आशावादी हवा.

‘डॉक्टरांनी औषध द्यावं.’

द्यावंच. पण कसं, ते एका अगदी साध्या आजारावर दाखवते, कारण मोठ्या आजारांची उदाहरणं दिली की लोक मान डोलावतात आणि विसरतात.

खरूज. पाऊस लागला की आमच्याकडे तिचा हंगाम. बंदराजवळच्या एका खोलीतली चार वर्षांची मुलगी अंगणवाडीत आली. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर पुरळ, रात्रभर खाजवून सोललेलं अंग. औषध सोपं आहे, परमेथ्रिनची क्रीम. रात्री गळ्याखाली सगळ्या अंगाला चोळायची, सकाळी आंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. ही ट्यूब तिला बंदरावरच्याच एका दवाखान्यात आधीच दोनदा लिहून दिलेली होती. दोन्ही वेळा खरूज जाऊन परत आली. आई म्हणाली, ‘डॉक्टरबाय, औषधच खोटं हाय.’

मी विचारलं, रात्री एका अंथरुणात कोण कोण झोपता? आई, तीन पोरं, आणि मासेमारीची बंदी असल्याने घरीच असलेला बाप. शेजारच्या पडद्यापलीकडे दीर, जाऊ, त्यांची दोन. नऊ माणसं, ट्यूब एक. एक ट्यूब एका मोठ्या माणसाला जेमतेम पुरते. खरूज घालवायची तर नऊही जणांनी एकाच रात्री लावायला हवी. नाहीतर कीड पोराच्या अंगावरून आईच्या, आईच्या अंगावरून पुन्हा पोराच्या अंगावर फिरत राहते. कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, असं आमच्या कागदावर छापलेलं आहे. जूनमध्ये ऊन आणायचं कुठून? आणि नऊ जणांच्या गोधड्यांना पाणी तापवायचं तर ओल्या लाकडांवर? शेवटी गोधड्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाकायला सांगितल्या. माणसाच्या अंगाबाहेर ही कीड काही दिवसांतच मरते. नऊ ट्यूबा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळाल्या, आशाताईने ‘अमुक रात्री सगळ्यांनी’ म्हणून दिवस ठरवून दिला.

यात समाजसेवा कुठे आली? ‘घरात माणसं किती’ हा प्रश्न विचारल्याशिवाय मला औषधाचं प्रमाणच ठरवता येत नव्हतं.

चूल की गॅस, हेही तसंच. ज्या बाळाला पावसाळ्यात दोनदा न्यूमोनिया होऊन गेला, ते चुलीपाशी आईच्या मांडीवर असतं का, हे विचारायलाच हवं. धुराने लहान मुलांच्या न्यूमोनियाचा धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे. ‘गॅस आहे’ हे उत्तर पुरत नाही. टाकी शेवटची कधी भरली, ते विचारावं लागतं.

आता थोडं जड उदाहरण. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. मूल आजारी असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. आईने सोबत साधारण दोन आठवडे राहायचं. तिची बुडीत मजुरी देण्याची सोयही आहे. कागदावर सगळं बसतं. पण कातकरी वाडीवरच्या एका आईच्या मागे दुसरं चार वर्षांचं मूल आहे, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर यायचं म्हणून मुकादमाची उचल घेतलेली आहे. ती तिसऱ्या दिवशी पोर काखेला मारून निघून जाते. मग केसपेपरवर शेरा पडतो, ‘रुग्ण न सांगता गेला’. घरी मागे कोण आहे, भट्टीला कधी निघायचंय, एवढं भरती करण्याआधी विचारलं असतं तर एकतर मागच्या मुलाची सोय बघता आली असती, नाहीतर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा खायला घालायचं ठरवता आलं असतं. न विचारता दिलेली चिठ्ठी पोराला घेऊन दवाखान्यापर्यंत जात नाही. जाते ती फक्त आमच्या महिन्याच्या अहवालात.

‘परदेशी खूळ.’

यावर फार वेळ घालवत नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेलं, तेव्हा लोकांना डॉक्टरच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं, आणि त्यांनी कामाची सुरुवात तिथूनच केली. 1975 पासूनची आपली अंगणवाडी म्हणजे तरी काय? खाऊ, लसीकरण, तपासणी आणि पुढे पाठवणं एका छपराखाली. परदेशातलं उदाहरण हवंच असेल तर अमेरिकेतल्या मिसिसिपीत, 1960 च्या दशकात, जॅक गायगर नावाच्या डॉक्टरच्या केंद्रात उपाशी मुलांच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहीत. वाणी तो माल देई आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर लावी. वरून हरकत आली तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं, पुस्तकात कुपोषणावरचा उपचार अन्न असाच दिलाय. यात खूळ कुठलं ते मला अजून सापडलेलं नाही.

‘गरिबाची अब्रू चव्हाट्यावर.’

मेसेजातला हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ओपीडीत तीस माणसं बसलेली असताना खिडकीतून ‘ओ, दारू पितो का तुमचा नवरा?’ असं ओरडून विचारलेलं मी ऐकलंय. अशा विचारण्याला विरोध व्हायलाच हवा. आमच्याकडे आशाताई ही कोणाची तरी जाऊ असते, नर्सबाई कोणाच्या तरी भावकीतल्या. आत बोललेलं संध्याकाळी पारावर पोचेल ही भीती खोटी नाही.

पण त्यावरचा उपाय नीट विचारणं हा आहे. प्रश्न सगळ्यांना सारखे विचारायचे, सरपंचाच्या सुनेलासुद्धा, म्हणजे अमक्याला गरीब समजून विचारलं असं कोणाला वाटत नाही. सासू शेजारी असताना नवऱ्याचा विषय काढायचा नाही. उत्तर नाही दिलं तरी औषध तितक्याच प्रेमाने द्यायचं. आणि ‘घरात खायला आहे का?’ असं तर कधीच विचारायचं नाही, कारण स्वाभिमानी माणूस ‘आहे’च म्हणणार. ‘महिनाअखेरपर्यंत तांदूळ पुरतो, की उसना आणावा लागतो?’ असं विचारलं की बाई हसते आणि खरं सांगते, कारण उसना आणण्यात आमच्या गावांत कमीपणा कोणी मानत नाही.

‘योजना ढीगभर आहेत, आळशाला कोण काय करणार?’

ढीग आहे हे खरं. त्या ढिगातून एक कागद ओढून बघा.

मघाचीच आजी घ्या. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला पस्तीस. नातवंडं आजीकडे, त्यांची नावं बापाच्या नालासोपाऱ्याच्या कार्डावर, धाकट्याचं तर कुठेच नाही. आजी पाच किलोत तीन तोंडं भरवते. ‘तांदूळ माझ्या नावचा येतो, पोरांच्या नावचा न्हाय येत,’ असं तिने सांगितलं ते गाऱ्हाणं म्हणूनसुद्धा नव्हे, पाऊस पडतोय म्हणावं तसं. आता एका कार्डावरचं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातूनही, थोडं इथे थोडं तिथे असं उचलता येतं. पण त्यासाठी नाव कार्डावर हवं, आधार जोडलेला हवा, उचलायला जाणाऱ्याचा अंगठा त्याच कार्डावर जुळायला हवा. आजीचं नावच त्या कार्डावर नाही. धाकट्याचं नाव चढवायला जन्मदाखला लागतो, तो वसईच्या बाजूला झालेल्या बाळंतपणाचा. आळस नेमका कोणाचा?

बाल संगोपन योजना घ्या. बाप गेलेल्या किंवा एकट्या आईच्या मुलाला महिन्याला 2250 रुपये. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, मग अर्ज, मग बाल कल्याण समितीपुढे हजर होणं. मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस मोडतो. काजूच्या कारखान्यात रोजावर जाणारी बाई त्या दिवसाची मजुरी सोडते, आणि तिथे गेल्यावर एक झेरॉक्स कमी निघते. दुसऱ्यांदा ती जात नाही. तिला आळशी म्हणणाऱ्याने एकदा सकाळची पहिली एसटी पकडून हा अर्ज स्वतः भरून यावा.

आणि इथेच मुलाचा दवाखाना उपयोगी पडतो. ही बाई तहसीलदाराकडे जाणार नाही, पण लसीचा दिवस चुकवणार नाही. पोराला ताप आला तर पाण्यातून चालत येईल. सरकारची आणि तिची हमखास गाठ पडते ती लसीकरणाच्या बाकावर. बॉस्टनमध्ये आठ आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. तान्ह्या मुलांच्या तपासणीला आलेल्या आयांना एक छोटा फॉर्म दिला आणि ज्या गोष्टीची नड निघाली तिचा नेमका पत्ता हातात ठेवला. वर्षभराने पाहिलं तर ज्यांना नेहमीसारखंच तपासून पाठवलं होतं त्यांच्यापेक्षा या आयांपैकी जास्त जणींना काम, पाळणाघर, इंधनाची मदत मिळालेली होती. ते शहर वेगळं, त्यांच्या योजना वेगळ्या. पण विचारणं आणि पत्ता देणं या दोन गोष्टी जोडून केल्या तर काम होतं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

जोडून, हे महत्त्वाचं. नुसतंच विचारून फॉर्म फायलीला लावणार असाल तर मीही त्या मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. बाईने एकदा मन मोकळं केलं आणि पुढे काहीच झालं नाही, की ती पुढच्या वेळी पोराचा खोकलासुद्धा लपवते.

राहिला वेळेचा प्रश्न, जो मेसेजात नाही पण माझे सहकारी रोज काढतात. शंभराची ओपीडी असताना डॉक्टरने रेशनकार्ड कधी बघायचं? बघूच नये. डॉक्टरने दोनच प्रश्न विचारावेत, रात्री पोर कोणाजवळ झोपतं आणि पुढच्या महिन्यात तुम्ही इथेच आहात का. उरलेलं केसपेपर ते इंजेक्शन यांच्या मधल्या बाकावर आशाताई किंवा नर्सबाई विचारू शकतात, आणि त्या कामाचे पैसे आशाताईला वेगळे मिळायला हवेत. आत्ता ती हे फुकटच करते. त्या बाकावर तालुक्यापुरता एकच कागद चिकटवलेला असावा, कुठल्या दाखल्यासाठी कुठलं टेबल, कुठला वार, कुठल्या झेरॉक्सा. आमच्या गाडीत तो मी लॅमिनेट करून ठेवलाय. सध्या त्यावर सगळ्यात जास्त बोटं ‘कार्डात मुलाचं नाव चढवणे’ या ओळीवर पडतात, तिथली शाई पुसट झालीये.

आणि भट्टीला निघणाऱ्या ताईंसाठी, कारण दिवाळी आलीच आहे. बाळाचं माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या, त्याच्यावर लसी लिहिलेल्या असतात. कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावच्या भट्टीवर जाताय ते निघण्याआधी अंगणवाडीताईला सांगा. तिथल्या अंगणवाडीतही पोराला खाऊ मिळायला हवा. ‘तुमचं नाव इथलं नाही’ म्हणून परत पाठवलं, तर फोन लावून आमच्या आशाताईशी तिथल्या तिथे बोलणं करून द्या.