बरगडीवरची गाठ
कुत्र्यांच्या हाडांवर येणाऱ्या गाठींबद्दलच्या (ऑस्टिओकाँड्रोमा) एका लेखात ‘गाठी निरुपद्रवी, काळजी नको’ असं वाक्य आहे, ते अर्धंच खरं आहे. ही गाठ म्हणजे कूर्चेची (मऊ, लवचीक हाडासारख्या भागाची) टोपी असलेली हाडाची वाढ. पिल्लू वाढतं तोवर वाढते, मग बहुधा थांबते. पण मणक्यात असली तर मज्जारज्जू दाबला जाऊन मागचे पाय लुळे पडू शकतात. नाशिकच्या गंगापूर रोडला शेजाऱ्यांच्या लॅब्राडॉरच्या बरगडीवर बोराएवढी गाठ होती, दाबली तरी पठ्ठ्या हूं की चूं करेना! ती अशीच गाठ आहे हे एक्स-रेत कळलं. मोठेपणी गाठ पुन्हा वाढू लागली तर मात्र लगेच दाखवा, क्वचित कॅन्सर निघतो. अशा गाठी असलेल्या अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर जातीच्या एका कुत्र्यात ईएक्सटी२ (EXT2) नावाच्या जनुकातला दोष सापडलाय; माणसातही याच जनुकामुळे असा आजार होतो. नाशकात घरोघरी पिल्लं विकणाऱ्यांनी गाठीवाल्या कुत्र्याची पैदास तरी करू नये. घेणाऱ्यांनीही नुसते वंशावळीचे कागद काय बघता, आईबापांच्या बरगड्या चाचपा की!