माऊली, वळसा घालून या

दुपारचे तीन वाजलेत. तंबू धुऊन गच्चीवर वाळत घातलाय आणि त्याची तुटलेली दोरी बघून माझं डोकं परत फिरलंय, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरका.

शनिवारी आम्ही उजनीला मुक्कामाला गेलो होतो. मी, नवरा, आमचं आठ वर्षांचं पोरगं, नणंद आणि तिच्या दोन मुली. मोहोळ, टेंभुर्णी करत करमाळ्याच्या अंगाला बॅकवॉटरच्या काठी एका शेतकरीदादांनी तंबू लावायला जागा करून दिलीय, तिथं. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि दोन चादरी जास्तीच्या, कारण फेब्रुवारी संपत आला तरी पाण्याकाठची पहाट सोडत नाही. वर्षानुवर्षं चार-चार दिवसांनी नळाला पाणी बघणारी आम्ही सोलापूरची माणसं. एवढं पाणी एका जागी दिसलं की काही करावंसंच वाटत नाही, नुसतं बसावंसं वाटतं. ११७ टीएमसीचं धरण आहे म्हणे. त्यातलं आमच्या बादलीत किती येतं ते जाऊ द्या.

संध्याकाळी गाळात रोहित पक्षी उभे होते, मान खाली, चोच उलटी करून चिखल गाळत. नणंदेची धाकटी म्हणाली, "मामी, ते काहीतरी शोधतायत, आपण हळू बोलू." सहा वर्षांची आहे ती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रात्री साडेअकराला दोन गाड्या आल्या. सात-आठ पोरं. हेडलाईट थेट आमच्या तंबूवर. ज्यांनी कधी तंबूत झोपून बघितलं नाही त्यांना सांगते, तंबूचं कापड म्हणजे भिंत नाही. उजेड पडला की आत दिवस उगवतो. दहा हातांवर कुणी नुसतं कुजबुजलं तरी शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि ही पोरं कुजबुजत नव्हती. नवरा बाहेर जाऊन म्हणाला, "दादा, लाईट बंद करता का, लेकरं झोपलीत." "हो काका, पाचच मिनिटं." ती पाच मिनिटं पाऊण तास चालली. मग स्पीकर सुरू झाला. एवढीशी डबी, पण छाती हादरेल असा आवाज. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पण मला नियम सांगायचाच नाहीये. नियमाचं काय, तो पोलीस असतील तिथं असतो.

मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

संडास होता आमच्या पलीकडे. त्यांच्या तंबूपासून तिथं जायला नीट पायवाट आहे, चिंचेच्या झाडाखालून जाते, फार तर पन्नास पावलं जास्त पडतात. पण ही पोरं जात होती सरळ. म्हणजे आमच्या आणि नणंदेच्या तंबूच्या मधून, आमची चूल ओलांडून, आमच्या चपला तुडवत. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याचा पाय दोरीत अडकला आणि नणंदेच्या तंबूची एक बाजू आत झोपलेल्या मुलींच्या अंगावर आली. धाकटी जी किंचाळली! मी बाहेर आले. म्हणलं, "दादा, जरा तिकडनं जा की, पायवाट आहे ना." तर तो म्हणतो, "मोकळी जागाय की ओ काकू सगळी. रस्ता कुठं लिहिलाय?"

त्याचं हे वाक्य ऐकलं आणि मला माझी आज्जी आठवली.

मी नऊ वर्षांची असताना आज्जी मला पहिल्यांदा वारीत घेऊन गेली. सगळी वारी नाही, आमच्याच जिल्ह्यातले शेवटचे टप्पे. वेळापूरला आम्ही दिंडीत शिरलो आणि पुढचा मुक्काम भंडीशेगावला. दिंडीचा ट्रक पुढं गेलेला, राहुट्या ठोकून झालेल्या. पाण्याचा टँकर उभा होता शेजारच्या दिंडीच्या पलीकडे. आज्जीनं माझ्या हातात कळशी दिली. मी आपली सुसाट, सरळ, दोन राहुट्यांच्या मधून. एका म्हाताऱ्या बाबांचे पाय ओलांडले, पिठलं रटरटत होतं त्या चुलीवरून उडी मारली, आणि दोरात पाय अडकून राहुटीचा एक कोपरा खाली आणला. कुणी ओरडलं नाही. एक बाई एवढंच म्हणाली, "हळू, माऊली."

पण आज्जीनं बघितलं होतं. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन मी परत आले तर ती वाटेत उभी. "लोकाच्या घरातनं जातीस व्हय पाण्याला?" मी म्हणलं, "घर कुठाय, तंबूच आहे की." झालं. आधी त्या बाईंच्या पाया पडायला लावलं, मग दगडानं खुंटी परत ठोकायला लावली, आणि मग ती भरलेली कळशी घेऊन सगळ्या राहुट्यांना वळसा घालून, ट्रकच्या मागून, चिखलातून आमच्या चुलीपाशी यायला लावलं. निम्मं पाणी अंगावर. रडत आले. आज्जीनं डोळे पुसले नाहीत, कळशी तेवढी उतरवून घेतली.

तर "रस्ता कुठं लिहिलाय" म्हणणाऱ्या त्या दादाला मला तीच कळशी द्यायची होती. भरून.

नंतर त्यांच्यातला दुसरा एक म्हणाला, "जागा काय तुमच्या बापाची आहे का?" नाही हो, नाहीये. माझ्या बापाची नाही आणि तुझ्याही नाही. ती ज्यांच्या बापाची होती त्यांची गावं पाण्याखाली आहेत. १९८० च्या सुमाराला भीमेचं पाणी अडलं आणि घरं, देवळं, मळे सगळं आत गेलं. पाणी खाली गेलं की पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला धावतात. ज्यांचा तो देव होता ते काठावर राहतात. पाणी ओसरलं की त्या गाळात मका, कलिंगड, भाजीपाला करतात, पाणी चढायच्या आत काढून घेतात. गाळपेर म्हणतात त्याला. ज्या दादांनी आम्हाला जागा दिली त्यांच्या आजोबांचं घर तिथूनच पुढं पाण्यात आहे, संध्याकाळी हातानं दाखवत होते, "त्या होडीच्या थोडं अलीकडं." इतकं शांतपणे सांगत होते की मला पुढं काही विचारवेना. आणि तुम्ही त्या काठावर उभं राहून बाप काढता.

बरं, आता कुणीतरी कमेंटमध्ये येईलच की वारीचं कौतुक सांगू नका, तळ उठला की मागं काय राहतं ते आम्ही बघितलंय. हो, मीही बघितलंय. पत्रावळ्यांचा खच, शेतात घाण. निर्मल वारीची फिरती शौचालयं उगाच नाही आली. मान्य. पुढं.

मला वारीतलं एकच दाखवायचंय. माऊलींच्या पालखीच्या तळावर रोज संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ, मृदंग, कानठळ्या बसाव्यात असा गजर. चोपदार हातातला दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. एवढ्या माणसांत पाखराचा आवाज येतो. आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडं जातो, काय झालं विचारतो, तिथल्या तिथं सोडवतो. मग कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं ते पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आरती होते. नऊ वर्षांची मी आज्जीचा पदर धरून ती शांतता ऐकत उभी होते. आणि इथं मी तीन वेळा हात जोडून सांगितलं तर एक डबी बंद होईना.

ही पोरं वाईट नव्हती, हेही लिहिते नाहीतर मलाच झोप लागायची नाही. अंगाखांद्यानं कामाची वाटत होती, दोघं कुठल्यातरी कारखान्याच्या शिफ्टबद्दल बोलत होते. आठवडाभर मशिनीच्या आवाजात राहणाऱ्याला रविवारी शांतता नको असते, आवाजच हवा असतो, स्वतःचा. कळतं मला. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, तिथं कुठं नाचणार? नाचा की. पण पन्नास पावलं तिकडं जाऊन नाचा. मैदान केवढं पडलंय!

आणि आमचंही सांगते. त्याच संध्याकाळी आमचं चिरंजीव चेंडूमागं पळत तिसऱ्या तंबूतल्या जोडप्याच्या सतरंजीवरनं धावत गेलं होतं. चहाचा कप सांडला. मी कान धरून आणलं, तर काय म्हणावं त्यानं? "आई, भिंत कुठंय तिथं?" माझ्याच पोटचं. मी नऊ वर्षांची असताना जे बोलले तेच हे आठव्या वर्षी बोललं. त्याला मी कळशी दिली नाही, नुसतं सॉरी म्हणायला लावलं. आज्जी असती तर मलाच ओरडली असती.

आमच्या गावाला खरं तर हे शिकवायची गरजच पडू नये. सिद्धेश्वराच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांना वळसा घालणारं गाव आहे हे. संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे त्या यात्रेतल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा केवढी गर्दी असते, तरी काठी येताना दिसली की लहान पोरसुद्धा अंग चोरून बाजूला होतं. कुणी दोरी बांधलेली असते का तिथं? कुणी पाटी लावलेली असते का? मग तेच आपण गाडीत बसून शंभर किलोमीटर गेलो की काय होतं कुणास ठाऊक. सुट्टीवर निघताना माणूस चार्जर घेतो, अंथरूण घेतो, आणि रीत तेवढी घरी खुंटीला टांगून जातो.

असो. पहाटे तीनला स्पीकरचा जीव गेला. चार्जिंग संपलं असणार, देव काही मध्ये पडला नाही.

सकाळी सातला मी चूल पेटवत होते. त्यांच्यातलं एक पोरगं आलं, सगळ्यात बारकं, दुसऱ्याचं जॅकेट घातलेलं. चिंचेखालच्या पायवाटेनं आलं, पूर्ण फेरा मारून, आणि आमच्या दोरीच्या पलीकडे उभं राहिलं. "काकू, काडेपेटी मिळेल का?" रात्रीबद्दल एक शब्द नाही. मीही बोलले नाही. खरं सांगते, रात्रभर जुळवून ठेवलेलं भाषण होतं माझ्याकडं. पण ते दोरीच्या पलीकडे थांबलं होतं ना. मी काडेपेटी दिली. मग चहापण दिला. नवरा माझ्याकडं बघून हसत होता, त्याच्याशी मी टेंभुर्णीपर्यंत बोलले नाही.

भंडीशेगावच्या त्या बाईंनीही मला दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना हाक मारून अर्धी भाकरी दिली होती, वर ठेचा. राहुट्या उतरल्या होत्या. ज्या जागेला मी वळसा घालून आले तिथं काहीच नव्हतं, नुसत्या खुंट्यांची भोकं आणि काळी झालेली माती. आज्जीनं आमच्या चुलीवर पाणी ओतलं, राखेत हात घालून निखारा राहिला नाही ना बघितलं, तिन्ही दगड उचलून झाडाच्या बुडाशी लावले आणि खुंट्यांची भोकं पायानं माती सारून बुजवली. मी विचारलं, "आता कशाला? आता कोण राहतंय इथं?" ती म्हणाली, "ज्याचं वावर आहे तो."

हे आठवायचं कारण म्हणजे ही पोरं साडेनऊला गेली तेव्हा मागं काय होतं ते ऐका. अर्धवट जळकी लाकडं, धूर येत असलेली. त्यातली निम्मी आमचीच, रात्री न विचारता उचललेली. बाटल्या. थर्माकोलच्या प्लेटा, ज्यांना २०१८ पासून बंदी आहे, तरी मिळतात कुठं देव जाणे. वारा पाण्याकडं होता. जोडीला निघायच्या आधी एकानं ड्रोन उडवला, सरळ त्या रोहितांच्या डोक्यावर. सगळा थवा उठला. गुलाबी पंखच पंख. पोरं ओरडली, "भारी!" नणंदेची धाकटी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "त्यांचं खाणं राहिलं."

मी, नणंद आणि त्या शेतकरीदादांच्या मालकीणबाई, तिघींनी मिळून दोन पोती भरली. त्या काहीच बोलत नव्हत्या. सवयीनं वेचत होत्या, जसं वावरातला काडीकचरा वेचतात तसं. मी दोनदा सॉरी म्हणलं, का म्हणलं माहीत नाही, मी थोडीच टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला, ताई. दर ऐतवारचं आहे." येणारे चहापाण्यापुरतं काही देतील म्हणून जागा दिली होती, आता पुढच्या वर्षी बंद करावी म्हणतायत. करा. खरंच करा. मी रागानं बोलतेय, मला माहितीये. आम्हालाच परत जायला मिळणार नाही. तरी करा.

आत्ता मधेच उठून गच्चीवर जाऊन आले. पोरानं तुटलेल्या दोरीला सुतळीची गाठ मारून तंबू उभा केलाय, एक टोक टाकीच्या पाईपला, एक कठड्याला, आणि आत बसून भाकरी खातोय. गच्चीची निम्मी जागा अडलीय. मी त्याला काढायला सांगणार तेवढ्यात शेजारच्या काकू कुरडया उलटायला वर आल्या. त्यांच्या कुरडया तंबूच्या पलीकडे. दोरी ओलांडली असती तर दोन पावलं. काकूंचं वय सत्तर, गुडघे दुखतात. त्यांनी तंबूकडं बघितलं, आत वाकून पोराला विचारलं, "काय रे, मुक्काम का?" आणि कठड्याला हात धरत, टाकीच्या मागून, सगळा फेरा मारून कुरडयांपाशी गेल्या.

पोरगं माझ्याकडं बघत होतं. मी काही बोलले नाही. खाली आले आणि हे लिहून टाकलं.