परदेशी खूळ? मग बडोद्याचं काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी किती वाजता येणार, गणपतीची वर्गणी कुणाची राहिली, असल्या कामांसाठी. गेल्या आठवड्यात अनंतकाकांनी त्यावर एक फॉरवर्ड टाकलं. तेच मला आधी आणखी तीन ग्रुपांवर येऊन गेलं होतं. मजकूर थोडक्यात असा: पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध मोर्चे काढणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे, अमेरिकेत कुणी मेलं की इथे मेणबत्त्या खपतात. मानवाधिकारवाल्यांना गुन्हेगारांचाच पुळका. या आंदोलनांनी आजवर काही झालेलं नाही. झालं असेल तर एवढंच, की पोलिसांचं मनोधैर्य खचतं. शेवटी नेहमीचं, 'सहमत असाल तर दहा जणांना पाठवा'. सात अंगठे आले. एक आमच्या घरातूनच.

काका, तुमच्याशी भांडण नाही. पण मुद्दे एकेक करून बघू.

'परदेशातून आलेलं खूळ.'

बाहेरून काय काय आलं याची यादी करायची तर सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी लागेल. १८४३मध्ये सिंध घेतल्यावर इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने तिथे जे पोलीसदल उभारलं ते आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर, म्हणजे जिंकलेल्या मुलखाला धाकात ठेवायच्या बेताने. १८६१चा पोलीस कायदा त्याच वळणावर गेला. मग आला १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. अमुक जमातीत जन्मलात म्हणजे चोर, पुरावा लागत नाही. बंगालला तो १८७६मध्ये लागला, मुंबई इलाख्याला १९११मध्ये. हजेरी द्यायची, पासाशिवाय हलायचं नाही, सोलापूरच्या सेटलमेंटसारखं तारेच्या आत राहायचं. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पण 'सराईत गुन्हेगार' नावाने नवे कायदे आले आणि फौजदाराच्या डोक्यातलं रजिस्टर काही कुणी फाडलं नाही.

आता या सगळ्याविरुद्धची गाठ कुठे मारली गेली ते बघा. फेब्रुवारी १९९८. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचललं. तो खेडिया शबर, म्हणजे त्या जुन्या यादीतला. आठवड्याभरात तो कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, गमछाने गळफास घेतला. गावकऱ्यांना प्रेत मिळालं तेव्हा त्यांनी जे केलं ते मला अजून नीट पचत नाही: चितेवर गवताचा पुतळा जाळला आणि खरं प्रेत झोपडीच्या जमिनीत पुरून ठेवलं, दुसरं शवविच्छेदन व्हावं म्हणून. बायको श्यामली तिथेच. त्यांच्या कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला, आणि जुलैत न्यायालयाने आत्महत्येची गोष्ट फेटाळून तपास सीबीआयकडे दिला. पुतळा जाळायची अक्कल या लोकांना कुठल्या परदेशी वाहिनीने शिकवली, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

त्याच वर्षी मार्चमध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी व्याख्यानाला आल्या होत्या, कुठे? बडोद्यात. बोलावणारे गणेश देवी, मूळचे भोरचे, आपल्या सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत, तोवर नोकरी सोडून भाषा संस्था काढलेली. तिसरे लक्ष्मण गायकवाड, त्यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. या तिघांनी मिळून विमुक्त-भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृती गट उभा केला. जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी कोठडीत मेला. गटाने ते प्रकरणही हातात घेतलं. बडोद्याहून 'बुधन' नावाचं नियतकालिक निघू लागलं. त्यात छापलेला खटल्याचा मजकूर अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी वाचला आणि ३१ ऑगस्टला त्याचं नाटक उभं केलं. छारानगर म्हणजे तीही एक जुनी सेटलमेंटच. मेला शबर, नाटक केलं छारांनी, आणि पुढचं नाटक केलं ते बारामतीच्या पारध्यावर. यांना एकमेकांची भाषा येत नाही, यांनी एकमेकांचं गाव पाहिलेलं नाही. ठाण्यात काय होतं एवढं मात्र सगळ्यांना सारखं ठाऊक.

मी ते नाटक बऱ्याच वर्षांनी छारानगरातच पाहिलं. पडदा नाही, दिवे नाहीत, आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलेलो, नट आमच्यापासून दोन हातांवर. मारहाणीच्या प्रसंगात शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून हळूच मागे सरकली. आपल्याला लागेल म्हणून सरकावं तशी.

सीमा ओलांडणं म्हणजे हे. देशांच्या सीमाही ओलांडल्या गेल्यात, नाही कसं म्हणू? पोलिसी अत्याचारविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस १५ मार्चला असतो. तो १९९७मध्ये माँट्रियलच्या आणि स्वित्झर्लंडच्या कार्यकर्त्यांनी ठरवला, स्विस पोलिसांनी दोन लहान मुलांना मारहाण केल्यावरून. माँट्रियलने बडोद्याची नक्कल केली नाही आणि बडोद्याने माँट्रियलची केली नाही. नळ गळतो तिथे बादली ठेवली जाते, एवढंच. पण पुढे एकमेकांचं वाचलं गेलं. २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा म्हणून सांगितलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूंबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात अमेरिकेचे, न्यूझीलंडचे, आयर्लंडचे निकाल समोर ठेवले. न्यायमूर्तींना कुणी 'खूळ' म्हटल्याचं ऐकलं नाही.

मेणबत्त्यांचा टोमणा मात्र मी अर्धा मान्य करतो. मे २०२०मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर साडेनऊ मिनिटं गुडघा होता तेव्हा आमच्या सोसायट्यांतल्या मुलांनी प्रोफाइल काळी केली. जुलै २०२४मध्ये मध्य प्रदेशातल्या गुना इथे एका पारधी तरुणाला त्याच्या लग्नाच्या वेळेला उचललं आणि तो कोठडीत मेला, तेव्हा त्या प्रोफाइलना पत्ता नव्हता. गुना इथून एका रात्रीच्या प्रवासावर. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये तो तपास सीबीआयकडे दिला, तोही त्याच्या घरच्या बायका न्यायालयापर्यंत पोचल्या म्हणून. तर दुरून येणाऱ्या बातमीचा दोष नाही. जवळची दिसत नाही, हा आहे.

'गुन्हेगारांचा पुळका.'

तमिळनाडूतल्या सातानकुळमचे जयराज आणि बेनिक्स, बाप-लेक, मोबाइलचं दुकान. जून २०२०मध्ये लॉकडाउनच्या वेळेनंतर दुकान उघडं ठेवलं, हा आरोप. पोलिसांनी कोठडीत मारलं, दोघेही गेले. आमच्या रावपुऱ्यात त्या दिवसांत किती शटरं अर्धी वर होती ते मी इथे सांगत नाही. आणि खरा चोर असला तरी शिक्षा न्यायाधीशाने द्यायची की लाकडी पट्ट्याने, हा प्रश्न उरतोच.

'काही झालेलं नाही.'

इथे फॉरवर्ड सगळ्यात चुकीचं आहे आणि सगळ्यात कमी चुकीचंही. १९७२मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९मध्ये चार कायदेपंडितांनी, त्यात वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते, न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं; बायका रस्त्यावर आल्या; १९८३मध्ये कायदा बदलला. बसू खटलाही एका पत्रातूनच निघाला, १९८६च्या. निकाल डिसेंबर १९९६चा. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो तिथल्या तिथे करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचं, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. यातलं बरंचसं पुढे फौजदारी संहितेतही आलं.

आता न झालेलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. छळविरोधी विधेयक २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडलं. ठाण्यांत सीसीटीव्ही लावा हा आदेश डिसेंबर २०२०चा. बंद कॅमेऱ्यांवरून न्यायालयाला २०२५मध्ये पुन्हा विचारावं लागलं. म्हणजे काम अर्धवट आहे. अर्धवट काम बघून गवंड्याला घरी पाठवत नाहीत.

'पोलिसांचं मनोधैर्य.'

पोलीस सुधारणांसाठी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले ते प्रकाश सिंह, स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. २००६च्या त्या निकालात पोलिसांच्या बदल्या-बढत्यांत राजकीय हात नको, असंही आहे. सातानकुळमला दंडाधिकाऱ्यांसमोर खरं बोलली ती त्याच ठाण्यातली महिला हेड कॉन्स्टेबल. मनोधैर्य तिचंही मोजा.

आता आपल्या वाड्यातली एक गोष्ट. काका, तुम्ही विसरला असाल. चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रात आपली बोहारीण रात्री साडेदहाला जिन्याखाली येऊन बसली होती. पाटी बाजूला, स्टीलचे डबे तसेच. देवीपूजक समाजाची, तिच्या पोराला मोबाइल चोरला म्हणून उचललेलं. कुठल्या चौकीने, ते लिहीत नाही. आई म्हणाली, बसून काय होणार, चला. आपण पाच-सहा जण गेलो. आधी म्हणाले, इथे कुणी नाही. मग म्हणाले, नुसती चौकशी चालू आहे. तुमच्या अंगावर गरब्याला जायचा कडक कुर्ता होता. तुम्ही बँकेत घालवलेल्या तीस वर्षांच्या आवाजात एवढंच म्हणालात, "कागद करा, साहेब." वीस मिनिटांनी मेमो झाला. पोरगं आतून बाहेर दिसलं, चालत होतं.

त्या मेमोवर तारीख आहे, वेळ आहे. पोराचा अंगठा आहे. आणि परिसरातला प्रतिष्ठित माणूस म्हणून सही तुमची आहे, अनंतकाका.