सीबीडी तेलाने काचबिंदूचे थेंब सुटत नाहीत

परवा मावशीचा फोन. "अगं, मी थेंब बंद केलेत. तेल मागवलंय." मावशीला काचबिंदू आहे आणि तिने चार रात्री डोळ्यांत औषध टाकलेलं नाही! कारण कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला मेसेज: गांजाच्या झाडापासून काढलेलं सीबीडी तेल जिभेखाली घ्या, डोळ्यांचा दाब उतरतो, पडद्याचा रक्तपुरवठा वाढतो, नशा होत नाही, थेंब कायमचे सुटतात.

खरी फसवणूक "नशा होत नाही" या शब्दांत आहे. दाब उतरवतो तो टीएचसी, म्हणजे नशा आणणाराच घटक. सीबीडी वेगळा. 2006 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब वाढलेल्या सहा जणांना हे दोन्ही घटक जिभेखालीच देऊन पाहिले. 5 मिलिग्रॅम टीएचसीने दाब दोन तासांनी उतरला, चार तासांनी पुन्हा होता तिथे. 20 मिलिग्रॅम सीबीडीने काहीच झालं नाही. 40 मिलिग्रॅमने दाब वाढला, पाऱ्याच्या 23.2 मिलिमीटरवरून 25.9 वर. सहाच माणसं, मान्य. पण 2018 मध्ये इंडियाना विद्यापीठात उंदरांच्या डोळ्यांत सीबीडी टाकलं, तेव्हाही दाब चढलाच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि अशा माणसाला तुम्ही दाब वाढवू शकणारं तेल सुचवताय!

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगते. गांजा ओढल्यावर दाब 25 ते 30 टक्के उतरतो, हे 1971 पासून माहीत आहे. पण तो परिणाम तीन-चार तास टिकतो. काचबिंदू चोवीस तास असतो. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा ओढायचं, रात्री उठूनसुद्धा. मावशीचा लॅटानोप्रोस्टचा एक थेंब दिवसभर पुरतो.

रक्तपुरवठ्याचं म्हणाल तर, टीएचसीच्या गोळीने निरोगी लोकांत डोळ्याच्या नसेकडचा प्रवाह थोडा वाढलेला दिसला आहे. निरोगी लोकांत, आणि तोही टीएचसीने. उलट गांजाने अंगातला रक्तदाबही उतरतो, मग काचबिंदूने आधीच कमजोर झालेल्या डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडण्याची भीती. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी काचबिंदूसाठी गांजा सुचवत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे तेल लोकांपासून लपवणं म्हणजे "औषध कंपन्यांचं कारस्थान" म्हणे. टिमोलोल, लॅटानोप्रोस्ट हे काचबिंदूचे दोन्ही थेंब जेनेरिकमध्ये मिळतात. ते तेल किती महाग आहे, ते मावशीला विचारा.

कालपासून तिने थेंब पुन्हा सुरू केलेत. दाब मोजायला शुक्रवारी मी तिला घेऊन जातेय.